एंजल पोटभर जेवलेली हवी

प्रश्न साताऱ्याहून आला आहे. शाहूपुरीतल्या एका घरात ४ बाय दीड बाय दीड फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. खाली सम्प (पाणी गाळायची जोडटाकी), स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारं यंत्र), वर एलईडी लाइट, सगळं व्यवस्थित. टाकी लावून ११ महिने झाले. आत दोन क्लाउन आणि एक रॉयल ग्रामा हे मासे, शिवाय कोरल, म्हणजे प्रवाळं: एक मोठं टोडस्टूल लेदर, एक फिंगर लेदर, मशरूमचा दगड आणि चार रंगांचे झोआ. मुंबईच्या एका दुकानात मुलीने फ्लेम एंजल हा मासा पाहिला आणि आता घरात तोच विषय आहे. त्यांनी विचारलंय: "एंजल आणली तर ती कोरल खाईल का? एक जण सांगतो, चुकूनही आणू नका. दुसरा म्हणतो, माझ्याकडे पाच वर्षं आहे, कशाला तोंड लावत नाही. कुणाचं ऐकू? आणि पुढे हॅमर, अकॅन हे कोरलचे प्रकार घ्यायचे आहेत, ते एंजलच्या आधी घ्यावेत की नंतर?"

दोघांचंही ऐका. दोघांनी आपापल्या टाकीत जे पाहिलं तेच सांगितलंय. मी सांगलीत विश्रामबागला २००७ पासून समुद्री टाक्या ठेवतोय. एकाच जातीच्या, एकाच खेपेत आलेल्या दोन माशांपैकी एकाने आठवडाभरात झोआंचा दगड साफ केला आणि दुसरा त्याच झोआंवरून चार वर्षं नुसता पोहत राहिला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा तुमच्यापुरतं उत्तर असं: तुमच्या टाकीत एक छोटी एंजल राहू शकेल. लेदर आणि मशरूमला सहसा धक्का लागणार नाही. झोआंचा भरवसा धरू नका. हॅमर आणि अकॅन घेऊच नका, त्याची कारणं पुढे सांगतो. आणि एंजल कोरलला तोंड लावेल की नाही, हे तिच्या जातीइतकंच तिच्या पोटावर ठरतं. ही शेवटची गोष्ट मला महागात शिकायला मिळाली.

आधी कोणती एंजल ते स्पष्ट करू. आपल्याकडे साध्या दुकानात 'एंजल' मागितली की गोड्या पाण्यातली त्रिकोणी, लांब पंखांची एंजल पिशवीत घालून देतात. ती ॲमेझॉन खोऱ्यातली सिक्लिड, समुद्री एंजलशी तिचं नातं नाही. समुद्री एंजलच्या ९० च्या आसपास जाती आहेत आणि सगळ्यांची खूण एक: कल्ल्याच्या झाकणाच्या खालच्या कोपऱ्यावर मागे वळलेला एक ठळक काटा. बटरफ्लाय माशाला तो नसतो. हा काटा लक्षात ठेवा, मासा पकडताना आणि पिशवीत भरताना तो कामाचा आहे. हिंदी महासागरात आयब्लची एंजल म्हणून एक जात आहे, अंदमानातही मिळते. एका सर्जन माशाची पिल्लं हुबेहूब तिच्यासारखी दिसतात, रंग तोच, काळी शेपूट तीच. फरक शोधायचा तर गालावर बघा. काटा असेल तर एंजल. शेपटीच्या बुडाशी धारदार पातं दिसलं तर तो सर्जन, तो पुढे वीतभर होणार.

आता ती कोरलला तोंड का लावते ते बघू. एंजलचे दात ब्रशच्या केसांसारखे बारीक आणि दाट असतात. दगडावरचं काहीतरी खरवडायचं, ओरबाडायचं, यासाठीच हे तोंड बनलंय. एम्परर, ब्लू रिंग, कोरान अशा मोठ्या एंजल समुद्रात मुख्यतः स्पंज आणि दगडाला चिकटलेले मऊ जीव खातात. छोट्या एंजल, म्हणजे फ्लेम, कोरल ब्यूटी वगैरे, दगडावरचं बारीक शेवाळ आणि त्यात अडकलेला गाळ टिपत दिवसभर फिरतात. समुद्रात त्या एका जागी थांबून जेवत नाहीत, हजारो बारीक घास घेतात. आपण टाकीत सकाळ-संध्याकाळ दोन चिमटी खाणं टाकतो. मधले दहा तास ती काय करणार? दगड चाटणार. दगड चाटता चाटता कोरल लागतं, कोरलवर चिकट स्राव असतो, त्यात पोषण असतं. पहिला घास असाच चुकून लागतो. त्याची चव कळली की दुसरा मुद्दाम घेतला जातो.

आणि नुकसान कसं होतं हेही नीट समजून घ्या, कारण नव्या लोकांची इथे गफलत होते. ते जखम शोधत बसतात. बहुतेक वेळा जखम दिसतच नाही. एंजल झोआजवळ येते, बारीकसा टोचा मारते, पॉलिप (कोरलचं एकेक फुलासारखं तोंड) मिटतं. अर्ध्या तासाने ते उघडतं, ती परत येते. दिवसातून पंधरा-वीस वेळा असं झालं की कोरल मिटूनच राहतं. मिटलेल्या कोरलला प्रकाश मिळत नाही. त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालावर त्याचं बरंचसं पोट चालतं, तेच उपाशी राहतं. तीन आठवड्यांत कोरल आक्रसून दगडाला चिकटतं आणि मग एक दिवस दिसतच नाही. लोक म्हणतात माशाने खाल्लं. खरं तर माशाने त्याला उघडू दिलं नाही.

म्हणूनच मोठं, पसरलेलं कोरल एंजलला पुरून उरतं आणि चार पॉलिपांचा फ्रॅग, म्हणजे कापून लावलेला छोटा तुकडा, आठवड्यात संपतो. पन्नास पॉलिपांच्या गादीवर टोचे विभागले जातात.

जातींबद्दल थोडक्यात. फ्लेम आणि कोरल ब्यूटी या दोघींवर लोकांचा सगळ्यात जास्त विश्वास आहे आणि माझाही अनुभव तसाच आहे. दोन्ही साधारण १० सेंमीपर्यंत जातात. फ्लेम पॅसिफिकमधून येते म्हणून महाग. कोरल ब्यूटी हिंदी महासागरातही आहे, तिची निळी-केशरी झाक लाइटखाली बघण्यासारखी असते, आणि किंमत बरीच कमी. बायकलर आणि लेमनपील या दोघी दिसायला गोड, पण कोरलच्या टाकीत मी त्या सुचवत नाही, तोंड लावण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त दिसतं. मोठ्या एंजलचा तर तुमच्या टाकीत विचारच करू नका. एम्पररची पिल्लं गडद निळ्या अंगावर पांढरी वलयं घेऊन येतात, दोन इंचांची असतात, कुणालाही मोह पडेल. तो मासा पुढे ४० सेंमीचा होतो. तुमची टाकी सगळी मिळून २५५ लिटरची, दगड-वाळू वगळता २१० लिटर पाणी धरा. त्यात तो आयुष्यभर कोंडल्यासारखा राहील.

एक गट असा आहे की ज्याच्याबद्दल मी जवळपास निर्धास्त असतो: लायरटेल किंवा स्वॉलोटेल एंजल, शास्त्रीय भाषेत जेनिकँथस. या एंजल दगड खरवडत नाहीत, पाण्यातून वाहत येणारा प्लवंग टिपतात, त्यामुळे कोरलशी त्यांचं देणंघेणं नसतं. नर आणि मादी रंगाने इतके वेगळे की दोन जाती वाटाव्यात, आणि मादीचा पुढे नर होतो. पण लमार्क जातीची एंजल २० सेंमीच्या पुढे जाते, तिला पोहायला ६ फुटांची टाकी हवी, वर जाळीही हवी कारण ती उडी मारते. यातल्या काही जाती बऱ्याच खोलीवरून पकडून आणतात आणि घाईने वर काढलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी बिघडते. असा मासा डोकं खाली, शेपूट वर करून पोहत असतो. तो घेऊ नका. पुढे कधी टाकी मोठी केलीत तर लमार्क जरूर ठेवा. आज तुमच्यासाठी फ्लेम किंवा कोरल ब्यूटी, आणि एकच. दोन छोट्या एंजल एका टाकीत भांडतात, त्यातली दुबळी कोपऱ्यात कुजते.

आता तुमच्या कोरलकडे येऊ. टोडस्टूल आणि फिंगर लेदर यांच्या अंगात कडवट रसायनं असतात, मासे त्यांच्या वाटेला जात नाहीत. मशरूमही सहसा सुरक्षित. एक सावधगिरी: टोडस्टूल दर काही आठवड्यांनी स्वतःहून मिटतं, अंगावर मेणासारखी चकाकी येते, चार-सहा दिवस तसंच राहतं आणि मग कात टाकल्यासारखं पातळ साल सोडून पुन्हा फुलतं. नवी एंजल आणल्यावर नेमकं हे घडलं की घरात आरोप माशावर येतो. प्रवाह थोडा वाढवा, साल वाहून जाऊ द्या, मासा बदनाम करू नका.

झोआंचं तसं नाही. ते मांसल, चविष्ट आणि चमकदार असतात, एंजलची पहिली नजर तिथेच जाते. पण झोआ मिटले की लगेच एंजलला दोषी धरू नका. रात्री लाइट बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन बसा. झोआ खाणाऱ्या बारीक गोगलगाई असतात, शंखाच्या आणि बिनशंखाच्याही. बिनशंखाची तर झोआचाच रंग घेऊन त्याच्या देठाशी बसते. त्या सापडल्या तर काढा. काढताना हातमोजे आणि चष्मा घाला, दगड कधीही उकळू किंवा कोरडा घासू नका. काही झोआ-पॅलिथोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं, त्याची वाफ किंवा शिंतोडा माणसाला थेट इस्पितळात पोचवू शकतो. घरात लहान मुलगी आहे म्हणून हे ठळकपणे सांगतोय.

हॅमर आणि अकॅनबद्दल. पहिलं कारण एंजलचं. अकॅन म्हणजे मऊ, फुगीर मांसाची गादी, छोट्या एंजलला याहून आवडतं लक्ष्य नाही. हॅमर डंख मारतं म्हणून कधी वाचतं, कधी नाही.

दुसरं कारण कायद्याचं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सगळी कठीण सांगाड्याची प्रवाळं घेतली गेली, शिवाय काळं प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप आणि सी फॅन. पहिली अनुसूची म्हणजे वाघाची अनुसूची, एवढं सांगितलं तरी वजन लक्षात येईल. हॅमर आणि अकॅन दोन्ही कठीण सांगाड्याची. 'इम्पोर्टेड आहे' असं दुकानदाराने तोंडी सांगितलं म्हणून ती घेऊ नका. ही प्रवाळं आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटीस यादीतही आहेत, कागदाशिवाय त्यांचा व्यवहार होत नाही. तुमचं लेदर, मशरूम आणि झोआ या गटांत येत नाहीत.

हीच गोष्ट दगडांची. साताऱ्याहून, सांगलीहून आपण सगळे मालवणला जातो, स्नॉर्केलिंग करतो, किनाऱ्यावर पडलेला पांढरा प्रवाळाचा तुकडा 'मेलेलाच तर आहे' म्हणून खिशात घालतो. मेलेला तुकडाही त्याच कायद्यात येतो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं प्रवाळ उष्ण पाण्याने आणि गाळाने आधीच बेजार झालंय. त्या समुद्रातलं काहीही आपल्या टाकीत येऊ नये असं मला मनापासून वाटतं. टाकीला दगड लागलेच तर सिरॅमिकचे किंवा कृत्रिम घ्या, त्यांच्यावर जिवाणू तितकेच छान बसतात.

खरं सांगायचं तर नुसत्या मऊ प्रवाळांची टाकी ही एंजलसाठीच बनल्यासारखी असते. कारण एंजलला भरपूर खायला घालावं लागतं, खाण्याने पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट वाढतं, आणि नाजूक कठीण प्रवाळांना ते सोसत नाही. लेदर आणि मशरूमला मात्र थोडं 'खत' असलेलं पाणी मानवतं. नायट्रेट ५ ते १५ पीपीएम, फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या आत, क्षारता साडेसात ते नऊ डीकेएच, खारेपणा १.०२५, तापमान २५-२६, एवढं सांभाळलंत की पुरे. त्यामुळे एंजलला उपाशी ठेवायची वेळ येत नाही. आता उपाशी ठेवल्यावर काय होतं ते सांगतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा माझ्या मोठ्या टाकीत एक कोरल ब्यूटी होती. तीन वर्षं झाली होती तिला. त्याच टाकीत दोन तळहात पसरलेली हिरव्या झोआंची गादी होती, तिच्यावरून ती रोज जायची, कधी थांबली नाही. आयर्विन पुलाजवळ पाणी ४५ फुटांच्या धोक्याच्या खुणेच्या कितीतरी वर गेलं. आमच्या घरात पाणी शिरलं नाही, पण वीज गेली ती चार दिवस. बॅटरीवरचे दोन हवेचे पंप लावून मी टाकी जगवली. स्किमर बंद, प्रवाह बंद, म्हणून पाणी बिघडू नये यासाठी खाणं जवळपास थांबवलं. तेवढं बरोबरच होतं. चूक त्यानंतर झाली. फ्रीजमधलं गोठवलेलं खाणं सगळं नासलेलं, रस्ते बंद, कुरिअर बंद, आणि आम्ही सगळेच नातेवाइकांच्या घरातला चिखल काढण्यात गुंतलेले. पुढचे तीन आठवडे त्या टाकीला दिवसातून एकदा सुके दाणे, तेवढंच.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी निळे लाइट नुकतेच लागले होते आणि मी चहा घेऊन टाकीपुढे बसलो होतो. ती आली. झोआंच्या गादीच्या कडेला थांबली. छोटी एंजल काही टिपणार असेल तेव्हा अंग किंचित तिरकं करते, एक डोळा खाली, आणि छातीचे पंख भरभर हलवत जागेवर तरंगते. तसं केलं. कडेच्या एका पॉलिपला टोचा मारला, मागे सरली. पॉलिप मिटलं. ती बघत राहिली, मग शेजारच्याला टोचा. माझ्या समोर पाच मिनिटांत अकरा. तिच्या डोक्यामागे, पाठ सुरू होते तिथे, खड्डा पडला होता. तो आधीच दिसायला हवा होता मला. त्याच दिवसापासून मी तिला चार वेळा खायला घालू लागलो, नोरी (समुद्री शेवाळाचा वाळवलेला कागद) लावली, महिन्यात तिचं पोट भरून आलं. पण सवय गेली नाही. एकदा चव कळली ती कळली. डिसेंबरपर्यंत ती गादी एका रुपयाएवढी उरली. मग तिला पकडून मिरजेच्या एका स्नेह्यांच्या, फक्त मासे असलेल्या टाकीत दिली. तिथे ती मजेत जगली. माझी झोआंची गादी परत आली नाही.

त्यामुळे तुम्हाला माझा आग्रह खाण्याचा आहे. दिवसातून किमान तीन वेळा थोडं थोडं, चार वेळा झालं तर उत्तम. घरी कुणीतरी असतं का हे आधी बघा, नसेल तर दुपारच्या दाण्यांसाठी ऑटो फीडर लावा. सकाळी काचेला क्लिपने नोरीचा दोन बोटं रुंद तुकडा, बिनमिठाचा, बिनतेलाचा, सुशीसाठी मिळतो तो साधा कागद. पहिले चार-सहा दिवस ती बघणारही नाही. दगडाला रबर बँडने बांधून ठेवा, दगडावरचं खायची तिची सवयच आहे. एंजलसाठी स्पंज घातलेलं गोठवलेलं खाणं मिळतं, ते आठवड्यातून दोन-तीनदा द्या. महाग आहे, आणि मुंबईहून येताना वितळून पुन्हा गोठलेलं असेल तर घेऊ नका, पाकिटात बर्फाचा थर वेगळा साठलेला दिसतो.

बाकी खाणं मी घरीच करतो. कोकणातून बर्फात येणारी कोळंबी, माकुल आणि तिसऱ्यांचा गर, सगळं कच्चं, आरओच्या पाण्यात धुतलेलं. मिक्सरला एकदाच फिरवायचं, गुळगुळीत पेस्ट नको, मुगाच्या डाळीएवढे कण राहिले पाहिजेत. त्यात चुरलेली नोरी आणि चमचाभर स्पिरुलिना पावडर. चायना ग्रास पाण्यात उकळून कोमट झाली की त्यात मिसळायची म्हणजे टाकीत टाकल्यावर धुरळा होत नाही. पिशवीत घालून पापडासारखं पातळ पसरून गोठवायचं, हवा तेवढा तुकडा मोडायचा. नदीचे मासे किंवा चिकन वगैरे त्यात घालू नका, त्या चरबीची समुद्री माशाला सवय नाही. आणि वीज जाते म्हणून सगळा साठा एका फ्रीजमध्ये ठेवू नका. एक पाकीट शेजाऱ्यांकडे असू द्या, चांगले दाणे घरात कायम असू द्या.

एवढं खाणं गेल्यावर स्किमरचा कप दोन दिवसांनी धुवावा लागेल, आणि सम्पमध्ये कीटोमॉर्फा शेवाळाचा एक गोळा लाइटखाली ठेवला तर नायट्रेट आवाक्यात राहील. पाणी आरओ-डीआयचंच, म्हणजे क्षार पूर्ण काढलेलं. बोअरचं नको, नळाचंही नको. उन्हाळ्याचं तुम्हाला आमच्यापेक्षा सोपं आहे. सांगलीत एप्रिल-मेमध्ये चिलरशिवाय चालत नाही, तुमच्याकडे पाण्यावर फिरणारे दोन पंखे दोन-तीन अंश खाली आणतील. बाष्पीभवन वाढेल, तेवढं गोडं पाणी रोज भरा.

मासा आणण्याबद्दल. दुकानात समोर खायला घालायला सांगा. खाल्लं नाही तर परत या, कितीही लांबून गेला असाल तरी. इंडोनेशिया, फिलिपिन्सकडे अजूनही काही ठिकाणी सायनाइड फवारून मासे पकडतात, बंदी असूनही. असा मासा दिसायला रंगीत असतो पण खात नाही आणि काही आठवड्यांत जातो. पोट आत गेलेलं नको, डोक्यामागे खड्डा नको, श्वास धापा टाकल्यासारखा नको. जाळीने काढू देऊ नका, गालाचा काटा जाळीत अडकतो आणि ओढला की कल्ला फाटतो. डब्यात हाकलून घ्यायचा. पिशवी दुहेरी हवी, त्याच काट्याने एकेरी पिशवीला भोक पडतं.

मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालात तर पहाटे साताऱ्यात उतराल. पिशवी थर्माकोलच्या डब्यात, अंधारात. घरी आल्यावर पिशवी न उघडता पाण्यावर तरंगत ठेवा, तापमान एक होऊ द्या. एकदा उघडली की मात्र रेंगाळू नका. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी आम्ल होतं, त्यामुळे साठलेला अमोनिया तितका विषारी नसतो. उघडल्याबरोबर वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया माशाला भाजून काढतो. म्हणून दुकानदाराला आधी फोन करून त्यांच्या पाण्याचा खारेपणा विचारा, आपली वेगळी टाकी तेवढ्यावर आणून ठेवा आणि मासा थेट त्यात सोडा. पिशवीचं पाणी फेकून द्या.

वेगळी टाकी म्हणजे क्वारंटाइन. ६० लिटरची चालेल, पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे लपायला, आणि महिनाभर आधी सम्पमध्ये ठेवून तयार केलेला स्पंज फिल्टर. त्यात किमान ४ आठवडे, अंगावर पांढरे ठिपके किंवा पावडर दिसली तर औषध धरून ६. तांब्याचं औषध द्यावं लागलं तर एकदम पूर्ण मात्रा देऊ नका, छोट्या एंजल तांब्याने खाणं सोडतात. चार-पाच दिवसांत हळूहळू चढवा, टेस्ट किटने रोज मोजा. मुख्य टाकीत तांबं कधीही नाही, लेदरपासून कोळंबीपर्यंत सगळं मरेल. या चार आठवड्यांचा दुसरा उपयोग औषधाहून मोठा आहे: याच काळात तिला नोरी, घरचं खाणं, दाणे सगळं खायला शिकवा. मुख्य टाकीत जाणारी एंजल ताटावर बसायला शिकलेली हवी.

मुख्य टाकीत ती सगळ्यांत शेवटी जाईल. क्लाउन आणि ग्रामा आधीपासून आहेत हे चांगलं, पण त्यांनी तिला पहिल्या दिवशी हाकलू नये म्हणून भोकं पाडलेल्या ॲक्रिलिकच्या डब्यात तिला चार दिवस टाकीतच ठेवा. सोडायच्या दिवशी आधी पोटभर खायला घाला, मग लाइट मंद करा, मग सोडा. तिच्या नंतर नवा फ्रॅग आणलात तर तिला तो नवा दिसतो आणि ती तपासायला जाते. म्हणून आणायची ती मऊ प्रवाळं आताच आणा, दोन-तीन महिने पसरू द्या, मग मासा.

आणि झोआ. आज त्यांचे प्रत्येक रंगाचे पाच-सात पॉलिप कापून वेगळ्या दगडावर चढवा आणि सम्पमध्ये लाइटखाली किंवा ओळखीच्या टाकीत ठेवा. जागा नसेल तर मला कळवा, मी सांभाळेन, सांगली काही लांब नाही. मग मुख्य टाकीतले गेले तरी रंग तुमच्याकडे राहतील.

पहिला महिना रोज सकाळी दहा मिनिटं टाकीपुढे बसा, मुलीलाच हे काम द्या. एका वहीत लिहायला सांगा: किती टोचे दगडावर, किती कोरलच्या बुडाशी, किती थेट पॉलिपवर. बुडाशी मारलेले मोजू नका, तिथलं शेवाळ ती खात असते आणि ते चांगलंच आहे. पॉलिपवरचे टोचे सलग तीन दिवस दिसले तर आधी खाणं वाढवा. त्याने आठवड्यात फरक पडला नाही तर ती पकडायची तयारी करा. दगड उपसून, जाळी घेऊन पाठलाग करू नका. तोच ॲक्रिलिकचा डबा दार उघडं ठेवून टाकीत लावा आणि तिचं सगळं खाणं फक्त त्याच्यात द्या. पहिल्या दिवशी ती दाराशी घोटाळेल, तिसऱ्या-चौथ्या दिवशी सरळ आत जाऊन नोरी ओढायला लागेल. दाराला बांधलेला दोरा तेव्हा सोडायचा.